पतंग नको, आधी खुळखुळा शोधा : मुंबईतला कुंकूठिपका पाहायचा, ओळखायचा आणि वाढवायचा कसा

ऑक्टोबरातली सकाळ, साडेआठ-नऊचा सुमार. मुलुंडला आमच्या इमारतीमागे एक मोकळा प्लॉट होता. आता तिथे टॉवर आहे. गुडघाभर गवतातून चालताना पायाजवळून काहीतरी पांढरं फडफडत उठलं, चार-पाच हातांवर जाऊन पडलं आणि दिसेनासं झालं. कागदाचा कपटा असेल म्हणून पुढे गेलो, तर पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा मात्र पडलेल्या जागेवर नजर रोखून ठेवली आणि सावकाश वाकून पाहिलं. गवताच्या काडीला, बोटाच्या पेराएवढा, पंख अंगाभोवती विडीसारखे गुंडाळून एक पतंग बसला होता. दुधी अंगावर ओळीने बारीक काळे ठिपके, आणि त्यांच्या मधेमधे कुणी कुंकवाचं बोट टेकवत गेल्यासारखे लाल ठिपके.

तेव्हापासून मी त्याला कुंकूठिपका म्हणतो. शास्त्रीय नाव युटेथीसा पुल्केला. लिनियसने १७५८ साली नोंदलेली ही जात, आणि ‘पुल्केला’चा लॅटिनमधला अर्थ साधारण ‘छोटीशी देखणी’. इंग्रजीत याच्या गोतावळ्याला टायगर मॉथ म्हणतात. वाघासारखे भडक पट्टे किंवा ठिपके मिरवणारं हे उपकुळ. कुंकूठिपका रात्री दिव्यालाही येतो, पण भर उन्हात बिनधास्त उडताना दिसतो हे त्याचं वैशिष्ट्य.

पहिल्या भेटीनंतर दोन वर्षं मी हा पतंग शोधत फिरलो आणि योगायोगाने दिसला तेवढाच दिसला. मग एका जाणत्या माणसाने विचारलं, “खुळखुळा कुठे आहे तुमच्याकडे?” मला खुळखुळा हे झाड आहे हेच ठाऊक नव्हतं. तिथून पुढे एकही हंगाम रिकामा गेला नाही. म्हणून हा लेख उलट्या बाजूने लिहितो आहे : आधी झाड, मग पतंग.

खुळखुळा ओळखा

खुळखुळा म्हणजे क्रोटालारिया. याच्या बऱ्याच जाती आहेत. ताग हा त्यांतलाच. मुंबईत सगळ्यात सहज भेटतो तो क्रोटालारिया रेटुसा, म्हणजे घागरी. कमरेएवढं झुडूप. पान तळाशी निमुळतं आणि शेंड्याकडे रुंद, शेंड्यावर मधोमध किंचित खाच. फुलं पिवळीधमक, तुरीच्या फुलाच्या घडणीची पण चांगली मोठी, उभ्या तुऱ्यावर. पाकळीच्या मागच्या बाजूला जांभळट-तपकिरी रेघा असतात. शेंग हवा भरल्यासारखी फुगीर, तीन-चार सेंटिमीटरची, कच्ची असताना हिरवी आणि पिकली की काळी. वाळलेली शेंग कानाशी धरून हलवा, आत बिया खुळखुळतात. नाव विसरणं शक्य नाही.

वाढायला याला फार काही लागत नाही. हलकी, रेताड, निचऱ्याची जमीन आणि डोक्यावर ऊन असलं की झालं. त्यामुळे किनाऱ्यालगतची रेताड जागा, उकरून टाकलेली माती, रस्त्याची कड, पडीक प्लॉट इथे तो पावसाळ्यात उगवून सप्टेंबरपासून फुलायला लागतो. लोकलच्या दारातून नजर ठेवलीत तर रुळांच्या कडेलाही पिवळे तुरे दिसतील. ते दुरूनच पाहा. रूळ ओलांडणं गुन्हा आहे, आणि कुठलाही पतंग त्या किमतीचा नाही.

शहरात मुद्दाम लावलेला खुळखुळा पाहायचा असेल, तर ठाण्याला घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडीतल्या फुलपाखरू बागेत जा. वाळलेल्या खुळखुळ्याला ब्लू टायगर आणि कॉमन क्रो फुलपाखरं मधमाश्यांसारखी लटकलेली दिसली, तर ती मध प्यायला आलेली नाहीत हे ध्यानात ठेवा. त्यांतले नर वाळक्या पानांतून आणि शेंगांतून रस ओढत असतात, आणि त्यांना तिथे जे हवं असतं तेच कुंकूठिपक्यालाही हवं असतं.

घागरी सापडली नाही तर भुरुंडी शोधा. ओलसर पडीक जागी, नाल्याच्या कडेला उगवणारं, विंचवाच्या नांगीसारखा वळलेला फुलोरा असलेलं हे रान. कुंकूठिपक्याच्या अळ्या त्या गोतातल्या झाडांवरही वाढतात. पण माझा अनुभव विचाराल तर मुंबईत भरवसा खुळखुळ्याचाच.

सगळी करामत विषाची

इथे जरा थांबू, कारण हे कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतात.

खुळखुळ्यात पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची कडू विषं असतात. घागरीतलं मुख्य विष मोनोक्रोटॅलिन. गुरांनी हे झाड भरपूर खाल्लं तर यकृत निकामी होतं. अळी मात्र ते पचवते. विषाचं रूप बदलून, स्वतःला बाधणार नाही अशा बेताने ते अंगात साठवते. तिचा कोष होतो, कोषातून पतंग निघतो, तरी साठा अंगात राहतोच. मग पतंगाला लपायचं कारण उरत नाही. उलट जितका भडक, तितकं बरं : मी कडू आहे, लांब राहा. पक्षी जागे असताना हा पतंग आरामात का उडतो, त्याचं उत्तर या कडूपणात आहे.

याच्या अमेरिकन भावंडावर, युटेथीसा ऑर्नाट्रिक्सवर, कॉर्नेल विद्यापीठात थॉमस आयस्नर आणि जेरॉल्ड माइनवॉल्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथे दिसलेल्या गोष्टी वाचून मी चकित झालो होतो. हा पतंग कोळ्याच्या जाळ्यात अडकला की नेफिला कोळी धावत येतो, चाचपून पाहतो आणि पतंगाभोवतीचे धागे स्वतःच तोडून त्याला सोडून देतो. प्रयोगशाळेत विष नसलेल्या अन्नावर वाढवलेले पतंग मात्र तोच कोळी खाऊन टाकतो. म्हणजे रंग नुसती पाटी; खरा माल आत.

पुढची गोष्ट त्याहून नवलाची. नराच्या पोटाच्या टोकाशी केसांचे दोन कुंचले दडलेले असतात. मादीजवळ आला की तो ते बाहेर काढतो आणि त्यांचा वास तिच्यापर्यंत पोचवतो. हा वास त्याच विषापासून बनलेला असतो, त्यामुळे ज्या नराकडे साठा जास्त, त्याचा वास जास्त. मादी त्यावरून नवरा निवडते. मिलनात नर तिला वीर्याबरोबर पोषक द्रव्यं आणि विषाचा वाटा देतो. हा आहेर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास दहाव्या हिश्शाएवढा असतो. मादी आपलं आणि नराचं विष मिळून अंड्यांत उतरवते, म्हणजे अंड्यालाही जन्मापासून कवच. लग्नात दोन्हीकडच्यांनी दिलेली भांडी लेकीच्या संसारात जावीत, तसाच प्रकार.

हे सगळं ऑर्नाट्रिक्सवर सिद्ध झालेलं आहे. आपला पुल्केला त्याच वंशातला, त्याच झाडांवर वाढणारा.

कधी आणि कसं शोधायचं

मुंबईत पाऊस ओसरल्यापासून डिसेंबरपर्यंतचे दिवस उत्तम. झाडाला फुलं आणि हिरव्या शेंगा एकाच वेळी असतात, अळ्यांना दोन्ही मिळतं. भर जुलैत जाऊ नका. पतंग नसतात असं नाही, पण ओलं गवत, जळवा आणि छत्री सांभाळताना काही दिसत नाही.

सकाळी आठ ते साडेदहा ही माझी वेळ. उन्हं तापली की पतंग जास्त दूर उडतात आणि तुमचा धीर सुटतो. खुळखुळा सापडला की लगेच झाडाला हात घालू नका. आधी झाडाभोवतीच्या दहा-बारा पावलांच्या गवतातून सावकाश चाला, हातात काठी असेल तर गवताच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवा. कुंकूठिपका उठेल. त्याचं उडणं दुबळं असतं : पाकोळीसारखं झपकन नाही, फुलपाखरासारखं रेंगाळत नाही, घाबऱ्या घाबऱ्या फडफडत कमरेएवढ्या उंचीवरून जाणार आणि एकदम पडल्यासारखा खाली बसणार. उडताना मागचे पांढरे पंख दिसतात, बसला की ते झाकले जातात. म्हणून तो अदृश्य झाल्यासारखा वाटतो.

नवशिक्यांची चूक इथेच होते. पतंग बसला की ते त्याच्याकडे धावतात. धावू नका. जागा हेरा, शेजारची एखादी खूण लक्षात ठेवा, आणि तिथवर जायला पूर्ण एक मिनिट घ्या. तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. गवताच्या पात्याची खालची बाजू पाहा, तिथेच तो पंख गुंडाळून चिकटलेला असतो. फोटो काढायचा असेल तर मोबाइल आधीच हातात, कॅमेरा उघडून ठेवलेला. खिशातून काढेपर्यंत तो तिसऱ्या झुडपावर गेलेला असतो.

रानात जायला वेळ नसेल तर आणखी एक सोपी वाट आहे. खुळखुळा असलेल्या परिसरात सोसायटीच्या जिन्यातला दिवा रात्रभर जळत असेल, तर सकाळी झाडूवाला यायच्या आधी भिंती तपासा. मला एकदा मीटरच्या पेटीवर बसलेला सापडला होता.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाहणं, फोटो काढणं याला हरकत नाही; पण पतंग, अळी, पान, शेंग, काहीही उचलून आणू नका. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय जीव किंवा झाडाचा भाग नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. वाढवायला अळी हवी असेल तर ती तुमच्या कुंडीतली असू द्या. ते कसं, ते पुढे येतंच.

ओळख पक्की करा

पंख पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन ते चार सेंटिमीटर. पुढचे पंख अरुंद, दुधी, त्यावर काळे आणि लाल ठिपके. मागचे पंख रुंद, पांढरे, कडेला वेडीवाकडी काळी झालर. डोकं आणि छातीवरही ठिपके. मिशा धाग्यासारख्या, टोकाला गाठ नाही. फुलपाखराच्या मिशांना टोकाशी मुगदलासारखी गाठ असते, ती इथे नाही हे पाहिलं की ‘हे छोटं फुलपाखरू आहे’ हा वाद मिटतो.

खरी अडचण जवळच्या नातेवाइकाची. युटेथीसा लॉट्रिक्स नावाची दुसरी जात भारतात आहे, तीही पांढरी, तीही ठिपक्यांची, तीही खुळखुळ्यावर. गवतात बसलेल्या पतंगाच्या एका फोटोवरून दोघांतला फरक सांगणं बहुतेक वेळा जमत नाही. माझा सल्ला : नोंद करताना नुसतं ‘युटेथीसा’ लिहा. चुकीच्या खात्रीपेक्षा अर्धं बरोबर नाव परवडलं. जमलं तर मागच्या पंखांचा फोटो मिळवा, तज्ज्ञाला त्याचा उपयोग होतो.

त्याच झुडपावर भगवा पतंग दिसला, पंखांवर फिकट कडं असलेले काळे ठिपके, तर तो आर्जिना अ‍ॅस्ट्रिया. त्याच्या अळ्याही खुळखुळ्याच्या शेंगा पोखरतात. दोघे एकाच झाडावर राहणारे शेजारी, भांडण नाही. काळपट अंगावर पिवळे पट्टे, पंखांत काचेच्या खिडक्यांसारखे आरपार डाग, गांधीलमाशीचा आव आणत दिवसा फुलांवर बसलेला असेल, तर तो अमाटा. त्याचा खुळखुळ्याशी तसा संबंध नाही, पण मुंबईत दिवसा दिसणाऱ्या पतंगांत तो सगळ्यात जास्त भेटतो, म्हणून सांगून ठेवलं.

कुंडीत खुळखुळा

बी मेमध्ये हाताशी असलं पाहिजे. गेल्या हिवाळ्यातल्या काळ्या, वाळलेल्या शेंगा फोडून काढलेलं बी वर्षभर टिकतं. साल टणक असते, तसंच पेरलं तर निम्मं बी नुसतं बसून राहतं. दोन पॉलिशपेपरांच्या मध्ये बी ठेवून पाच-सहा वेळा हलकेच घासा, चकाकी गेली की पुरे. मग रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी जे फुगलं ते पेरा, जे फुगलं नाही ते पुन्हा घासा.

बारा इंची कुंडी, अर्धी माती, अर्धी वाळू आणि थोडं शेणखत. जास्त खत घालू नका. हे शेंगवर्गीय झाड आहे, नत्राची सोय ते मुळांवरच्या गाठींतून स्वतः करतं. खत वाढवलंत की पानं माजतात, फूल लांबतं. जूनच्या पहिल्या पावसात पेरा. एका कुंडीत एकच रोप ठेवा आणि कुंड्या निदान तीन असू द्या, नाहीतर ऐन भरात अळ्यांना पाला कमी पडतो आणि तुम्ही पिशवी घेऊन उन्हात वणवण करता. मी केली आहे.

जागा गच्चीवर किंवा दक्षिणेच्या, पश्चिमेच्या गॅलरीत. निदान चार तास ऊन हवंच. सावलीतला खुळखुळा उंच, लेचापेचा होतो आणि फुलत नाही.

एक सावधगिरी, जी मी घेतली नाही. पहिल्या वर्षी मी चार रोपं सोसायटीच्या आवारात, कंपाउंडच्या भिंतीलगत लावली. सप्टेंबरच्या शेवटी एका रोपावर पंधरा-वीस अळ्या मोजल्या, रात्री घरी कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो तर जागा साफ. माळी म्हणाला, “साहब, जंगली था, निकाल दिया.” त्याची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता मी कुंडीत एक पाटी खोचतो : ‘हे मुद्दाम लावलेलं आहे’. खाली हिंदीतही तेच. तेव्हापासून उपटलं गेलेलं नाही.

अळी शोधणं आणि वाढवणं

मादी येते ती वासाने. तुमच्या भागात पतंग असतील तर तिसऱ्या मजल्यावरची कुंडीही तिला सापडते. आमची गॅलरी तिसऱ्याच मजल्यावर आहे. पानांची खालची बाजू रोज पाहा. अंडी मोहरीहून लहान, गोल, फिकट. ती चुकली तरी हरकत नाही, अळी स्वतःच पत्ता देते : पानाला चाळणीसारखी भोकं, हिरव्या शेंगेला गोल छिद्र आणि छिद्राच्या तोंडाशी ओल्या भुशासारखी विष्ठा. ती शेंग उभी चिरून पाहिलीत तर अळी डोकं आत घालून बिया खात बसलेली दिसेल. बियांत विष सगळ्यात जास्त, म्हणून तिची धाव तिकडेच.

अळी केसाळ. अंग काळपट-राखाडी, पाठीवरून पांढरा पट्टा, प्रत्येक वळीवर नारिंगी आडवी खूण, बाजूंना केसांचे विरळ झुपके. आर्जिनाच्या अळ्याही त्याच झाडावर असू शकतात, तेव्हा पतंग बाहेर पडेपर्यंत पैज लावू नका.

गावाहून आलेल्या आमच्या काकांनी डबा उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला. “अरे, ही तर तागावरची केसाळ अळी! आम्ही हिच्यापायी फवारणी करतो आणि तू पाळतोस?” खरं आहे. हिरवळीच्या खतासाठी ताग करणाऱ्यांना आणि त्याहून बियाण्यासाठी ताग राखणाऱ्यांना ही कीडच. गॅलरीतल्या तीन कुंड्यांसाठी मात्र ती पाहुणी.

वाढवायला श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा पुरतो. झाकणाचा मधला भाग कापून टाका, त्या जागी जुन्या मलमलीचा तुकडा रबराने ताणून बसवा. तळाला टिश्यूपेपर. खुळखुळ्याची कोवळी फांदी, एखाद-दुसरी हिरवी शेंग असलेली, औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी घालून उभी करा. मात्र बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा. हे विसरलात तर सकाळी अळी पाण्यात बुडालेली सापडते. माझ्या पहिल्या खेपेतल्या दोन अशाच गेल्या.

एका डब्यात चारच्या वर अळ्या ठेवू नका. ऑर्नाट्रिक्सवरच्या प्रयोगांत असं दिसलं की ज्या अळ्यांना विष कमी मिळालेलं असतं, त्या आपल्याच जातीची अंडी आणि कोष खातात, कारण विषाचा साठा तिथे तयार असतो. शेंगा भरपूर आणि गर्दी कमी ठेवली की हा प्रसंग येत नाही. कोष झाला की तो अळ्यांच्या डब्यातून वेगळा काढाच.

रोज सकाळी विष्ठा झटकायची, टिश्यू बदलायचा, कोमेजलेला पाला काढायचा. डब्याला आतून वाफ धरली तर समजा, हवा कमी आहे. बुरशी आली की सगळी खेप जाते. अळी हलवायला चित्रकलेचा मऊ कुंचला घ्या, बोटं नकोत. केसांनी कुणाला खाज सुटते, कुणाला नाही, पण चिमटीत धरलं की अळीला इजा नक्की होते. कात टाकण्याआधी ती एक दिवस खात नाही, हलत नाही, आजारी वाटते. तेव्हा तिला डिवचू नका.

मुंग्या हा मोठा शत्रू. डबा पाण्याच्या ताटलीत वाटी पालथी घालून तिच्यावर ठेवा, जुन्या फडताळाच्या पायांखाली ठेवायचे तसा. पाल दुसरी शत्रू. ती मलमल फाडत नाही, पण सैल बसलेलं झाकण ढकलते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात अंड्यातून अळी तीन-चार दिवसांत निघते, दोन-तीन आठवडे खाते, मग एकाएकी झाड सोडून डब्याच्या तळाशी फिरायला लागते. तेव्हा तळाला वाळकी पानं पसरून द्या. ती दोन पानांच्या मध्ये विरळ रेशमाची जाळी विणून आत तपकिरी कोष करते. जाळी इतकी विरळ की आतला कोष दिसतो. त्याला हात लावू नका, फक्त दोन दिवसांआड मलमलीवर पाण्याचा हलका फवारा.

कोषातून कधीकधी पतंगाऐवजी माशी किंवा बारीक गांधीलमाशी निघते. रानातून आणलेल्या मोठ्या अळीत हे हमखास होतं, कारण परजीवी माशीने आधीच तिच्यात अंडं घातलेलं असतं. मनाला लावून घेऊ नका आणि त्या माशीचाही फोटो काढा, तीही नोंदच आहे.

पतंग निघायच्या आदल्या दिवशी कोष काळवंडतो आणि सालीतून ठिपके जाणवतात. माझ्याकडे बहुतेक पतंग आठव्या ते दहाव्या दिवशी निघाले. एकदा मी रात्री जागून पाहिलं. आधी कोषाच्या डोक्याकडची साल चिरली, मग ओला, सुरकुतलेला, केसाळ गोळा बाहेर आला. ठिपके सगळे होते, पण पंखांच्या आखूड कोंबावर दाटीवाटीने चिकटलेले, दुमडलेल्या छापील साडीसारखे. तो मलमलीवर चढला, उलटा लटकला, आणि पंधरा-वीस मिनिटांत पंख खाली उतरत गेले आणि ठिपके एकमेकांपासून लांब सरकत आपापल्या जागी गेले. चढायला खडबडीत काही मिळालं नाही तर पंख वाकडेच वाळतात, म्हणून डब्यात उभी काडी किंवा बाजूला लोंबणारी मलमल हवीच.

सोडायचं दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हात, त्याच खुळखुळ्यावर. पकडून ठेवू नका, साखरपाणी पाजायची गरज नाही. चिमटीत धरलंत तर मानेजवळून फेसाचे बुडबुडे येताना दिसू शकतात. याच्या अमेरिकन भावंडाच्या फेसात तेच विष असतं. हात साबणाने धुऊन टाका.

मुलं, शेळ्या आणि मूग

झाड विषारी आहे हे घरात सगळ्यांना सांगा, कामाला येणाऱ्या बाईंनाही. शेंग मटारसारखी दिसते, बिया मुगासारख्या. १९७० च्या दशकात आताच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात गोंदली या भरड धान्यात खुळखुळ्याच्या एका जातीचं बी मिसळलं गेलं आणि ते खाल्लेल्या लोकांची यकृतं बिघडून पोटं पाण्याने फुगली, कित्येक दगावले. हात लावल्याने काही होत नाही, पोटात जाता कामा नये. बी स्वयंपाकघरात, डाळींच्या बरण्यांजवळ कधीही ठेवू नका. छाटलेल्या फांद्या शेळ्या-गाईंच्या तोंडी लागतील अशा टाकू नका. मी त्या कुंडीतच बारीक करून कुजवतो.

नोंद ठेवा

निदान तीन फोटो : वरून, बाजूने, आणि ज्या झाडावर सापडला त्या झाडाचं पान-फूल-शेंग. तिसरा सगळे विसरतात आणि तोच सगळ्यात कामाचा असतो. तारीख, वेळ, जागा लिहा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर जाणकार नाव तपासून देतात. दर वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास पतंगांचा आंतरराष्ट्रीय सप्ताह असतो, तेव्हा मुंबईतही रात्री पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग पाहायचे कार्यक्रम होतात. १८८३ पासून मुंबईत असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं गोरेगावला फिल्मसिटीजवळ निसर्ग शिक्षण केंद्र आहे. तिथल्या सहली नवशिक्याला बऱ्या. चादरीवर कुंकूठिपका आला तर छान, पण त्याला उन्हात, गवतात पाहण्याची मजा वेगळी.

डिसेंबरच्या अखेरीस झाड वाळायला लागतं. अळ्यांनी न पोखरलेल्या आठ-दहा काळ्या शेंगा काढा, दोन दिवस सावलीत वाळवा, बी काढून काचेच्या बाटलीत कडुलिंबाच्या वाळक्या पानांबरोबर भरा. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘विषारी, पेरणीसाठी’ असं लिहून ती कपाटात वरच्या फळीवर ठेवा. उरलेल्या शेंगा झाडावरच राहू द्या. जानेवारीतही एखादी उशिरा आलेली अळी त्यांत सापडते.